काटकसर कशासाठी? : लिडियाबाई चाइल्ड यांची कहाणी

काटकसर हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर दोन माणसे उभी राहतात. एक कवडीचुंबक, ज्याच्या तिजोरीत गेलेला पैसा पुन्हा उजेड पाहत नाही. दुसरी, तुटपुंज्या मिळकतीतही दारी आलेल्यासाठी एक पान जास्त वाढणारी गृहिणी. बाहेरून पाहिले तर दोघांच्या सवयी अगदी सारख्या असतात. दोघेही दिवा वेळेवर मालवतात आणि दोघेही दोऱ्याचा तुकडा फेकून देत नाहीत. वाचलेल्या पैशाचे पुढे काय होते, एवढाच काय तो दोघांतला फरक.

हा फरक ज्या बाईंच्या चरित्रात मला सर्वांत लख्ख दिसला, त्या आपल्याकडच्या नव्हेत. त्या अमेरिकेतल्या, आणि त्यांना जाऊन शंभराहून पुष्कळ अधिक वर्षे लोटली. लिडिया मारिया चाइल्ड हे त्यांचे नाव. आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या कानांवरून ते गेले असेल. पण त्यांच्या देशात एके काळी संसार मांडणाऱ्या हजारो मुलींच्या हाती त्यांचेच पुस्तक असे. महागाईचा विषय निघाल्यावाचून ज्या घरात आठवडा सरत नाही, अशा प्रत्येक घराला त्यांची कहाणी ऐकण्यासारखी वाटेल.

लिडियाबाईंचा जन्म ११ फेब्रुवारी १८०२ रोजी मॅसॅच्युसेट्स प्रांतात, बॉस्टनजवळच्या मेडफर्ड गावी झाला. वडील कॉन्व्हर्स फ्रान्सिस हे भटारखाना चालवीत. त्यांची कुरकुरीत बिस्किटे त्या भागात नावाजलेली होती. घर कष्टाळू आणि हिशेबी; पण त्या घराची एक रीत मोठी लोभस होती. सुगीनंतर तिकडे ‘थँक्सगिव्हिंग’ नावाचा कृतज्ञतेचा सण करतात. त्याच्या आदल्या संध्याकाळी धोबीण, लाकडे फोडणारा, रानातली बोरे विकणारी म्हातारी, भट्टीवरचे कामगार अशी वीस-तीस माणसे या घरी पोटभर जेवत आणि जाताना घरी न्यायलाही खाऊ बांधून घेत. वर्षभर पैपैचा हिशेब ठेवणाऱ्या घराचे दार त्या दिवशी सताड उघडे असे. मला वाटते, लिडियाबाईंना काटकसरीचा अर्थ पहिल्याने कळला तो याच दारात.

त्या बारा वर्षांच्या असताना आई वारली. थोरल्या बहिणीच्या सासरी, उत्तरेकडे मेन प्रांतात त्यांची रवानगी झाली. थोरला भाऊ हार्वर्डला शिकून पुढे धर्मोपदेशक झाला. मुलीला कॉलेजचे दार बंद होते. तिने भावाच्या पुस्तकांवर आपली भूक भागवली आणि काही काळ शाळेत शिकवले. १८२४ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी ‘होबोमोक’ ही कादंबरी लिहून प्रसिद्ध केली. गोऱ्या मुलीने तिथल्या मूळच्या रहिवाशाशी लग्न केल्याची ती कथा. लोकांनी नाके मुरडली, पण पुस्तक वाचलेही. दोनच वर्षांनी, १८२६ मध्ये, त्यांनी मुलांसाठी ‘जुव्हेनाइल मिसलेनी’ नावाचे द्वैमासिक सुरू केले आणि ते घरोघर गेले. स्वतःच्या लेखणीवर पोट भरणारी स्त्री ही त्या काळी तिकडेही अपूर्वाईची गोष्ट होती.

१८२८ साली त्यांचे लग्न डेव्हिड ली चाइल्ड यांच्याशी झाले. डेव्हिड वकील होते आणि एक वृत्तपत्र चालवीत. स्वभावाने सरळ, तत्त्वाचे पक्के, अन्यायावर तुटून पडणारे. मात्र व्यवहारात अगदी कच्चे. वृत्तपत्र तोट्यात चाले, बदनामीच्या खटल्यात त्यांना तुरुंगही पाहावा लागला, आणि देणेकरी दारात बसले. आपल्याकडे अशा पुरुषाला देवमाणूस म्हणतात आणि त्याच्या बायकोची कीव करतात. लिडियाबाईंनी कीव करून घेतली नाही. घरात पैसे देऊन राहणारी माणसे ठेवली, स्वयंपाक, धुणे, शिवण स्वतः केले, आणि ते करता करता जे हाताला उमगले ते १८२९ साली एका पुस्तकात घातले. त्याचे नाव ‘द फ्रूगल हाउसवाइफ’, म्हणजे काटकसरी गृहिणी. इंग्लंडात याच नावाचे एक जुने पुस्तक होते, म्हणून १८३२ पासून नावात ‘अमेरिकन’ हा शब्द जोडला गेला. पुढे या पुस्तकाच्या तेहतीस आवृत्त्या निघाल्या.

पाकशास्त्राची पुस्तके तोपर्यंत श्रीमंत घरच्या स्वयंपाकघरासाठी लिहिली जात. चार नोकर, दोन आचारी हे गृहीतच असे. लिडियाबाईंनी लिहिले ते जिच्या घरी नोकर नाही, जिला एकाच दिवसात भाकरी भाजायची, कपडे धुवायचे आणि पोरांना निजवायचे आहे, तिच्यासाठी. तुकडे गोळा करा, हे त्यांचे मुख्य सांगणे. आणि तुकडे म्हणजे केवळ वस्तूंचे नव्हेत, वेळेचेसुद्धा.

त्यांच्या सूचना वाचताना मला पदोपदी आपलीच घरे आठवली. चादर मध्ये विरली की उभी दुभागावी, दोन्ही बाजूंचे धड काठ मधोमध जोडावे आणि विरलेल्या कडा दुमडून शिवाव्यात, असे त्या सांगतात. विरलेल्या लुगड्याला दंड घालणाऱ्या आपल्या आज्यांना हे कोणी अमेरिकेतून शिकवायला नको होते. पितळेच्या भांड्यात काही शिजवण्याआधी ते मीठ आणि शिरक्याने घासावे. आपण चिंच घेतो, एवढेच. दिव्याची वात कडक शिरक्यात बुडवून वाळवली तर दिव्याचा वास कमी येतो. आलेल्या पत्रांचे पाठकोरे कागद लिहिण्यासाठी जपून ठेवावेत. सतरंजी जितकी वारंवार झटकावी तितकी ती जास्त टिकते, कारण आत बसलेली धूळच तिचे दोरे कापते. नवे लोखंडी भांडे एकदम जाळावर ठेवू नये, हळूहळू तापू द्यावे. पाव शिळा होऊन कडक होण्याआधीच संपवावा. मुरंबे-लोणची मधूनमधून पाहावीत, बुरशी धरल्यावर हळहळून उपयोग नाही. चमचे, पंचे, चादरी अधूनमधून मोजाव्यात. सहा वर्षांच्या मुलालाही घरात झेपेल असे काम द्यावे, म्हणजे आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो याची गोडी त्याला लागते.

मांसाहाराचे प्रकरण आपल्यापैकी अनेकांना वगळावे लागेल. पण त्यातली एक सूचना मी वगळू शकत नाही. डुकरांना घालायच्या खरकट्याच्या बादलीत डोकावून पाहा, चरबीच्या भांड्यात जाण्यासारखे काही त्यात पडले नाही ना. आणि चरबीच्या भांड्यातही पाहा, आपल्या किंवा आपल्याहून गरीब कुटुंबाच्या पोटात जाण्यासारखे काही त्यात नाही ना, असे त्या सांगतात. हे ‘आपल्याहून गरीब कुटुंब’ कवडीचुंबकाच्या वहीत कधी सापडत नाही. पाककृतींच्या आणि डाग काढण्याच्या उपायांच्या गर्दीत ते शब्द सहज येऊन जातात, पण सगळ्या पुस्तकाचा जीव मला त्यांच्यातच दिसतो.

वरच्या वर्गातल्या काही टीकाकारांनी पुस्तकाची टर उडवली. असल्या क्षुल्लक गोष्टी छापायच्या असतात का, असे विचारले. ज्यांच्या घरी भांडी दुसरे कोणी घासते त्यांना भांडी घासण्याची चर्चा हलकी वाटायचीच. सामान्य बायकांनी मात्र पुस्तक उचलून धरले आणि त्याच्या विक्रीतून नवऱ्याचे काही देणे फिटले.

या पुस्तकात ‘कठीण काळाची कारणे’ असे एक प्रकरण आहे. त्यात लिडियाबाई दोष देतात तो थाटमाटाला. नवी जोडपी ऐपतीबाहेर घर सजवतात, शेजारणीची बरोबरी करू पाहतात आणि मग ओढाताण होते, असा त्यांचा रोख आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपणही म्हणतोच. पण त्यांचे पुढचे आयुष्य वाचताना मला वाटत राहते की हे कारण खरे असले तरी अपुरे होते, आणि ते किती अपुरे होते हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला सोसावे लागले नसेल.

ते कसे, हे समजण्यासाठी १८३३ सालाकडे वळले पाहिजे. गुलामगिरीविरुद्ध झुंजणारे संपादक विल्यम लॉइड गॅरिसन यांची व लिडियाबाईंची ओळख होऊन तीन वर्षे झाली होती. त्या वर्षी त्यांनी ‘आफ्रिकन म्हणवल्या जाणाऱ्या अमेरिकनांच्या बाजूने एक आवाहन’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. गुलामांना ताबडतोब मुक्त करा आणि उत्तरेकडच्या लोकांनीही आपल्या मनातला वर्णद्वेष काढून टाकावा, असे त्यात रोखठोक सांगितले होते. दक्षिणेत संताप झाला यात नवल नाही. पण बॉस्टनच्या सुसंस्कृत मंडळींनीही पाठ फिरवली. नामांकित ग्रंथालयाने त्यांना दिलेली मोफत वाचनाची सवलत काढून घेतली. मुलांच्या मासिकाची वर्गणी आईबापांनी भराभर बंद केली आणि १८३४ साली त्यांना ते सोडावे लागले. बाकीच्या पुस्तकांचाही खप घसरला. एका पुस्तकाने सारी मिळकत बुडवली.

असे होणार हे त्यांना आधी कळत होते, आणि पुस्तकाच्या प्रस्तावनेतच त्यांनी त्याची तयारी दाखवली होती. हे धैर्य कुठून आले, असा मला प्रश्न पडतो, आणि उत्तर मला त्यांच्या स्वयंपाकघरात सापडते. ज्याला पुष्कळ लागते त्याला पुष्कळांची मर्जी सांभाळावी लागते. ज्या बाईला थोडक्यात कसे राहावे हे ठाऊक आहे, तिच्या तोंडाला कुलूप घालणे कठीण. विरलेल्या चादरीला शिवण घालणारा हातच असले पुस्तक लिहू शकत होता.

येथपर्यंत काटकसर जिंकली. पुढे मात्र ती एका भिंतीवर जाऊन आदळली.

डेव्हिड यांच्या मनाने घेतले की उसाची साखर गुलामांच्या घामाने होते, तर बिटापासून साखर करून तिला शह द्यावा. कल्पना उदात्त होती. १८३६ साली ते ती विद्या शिकायला युरोपात गेले आणि १८३८ मध्ये नवराबायको मॅसॅच्युसेट्सच्याच पश्चिम भागात नॉर्थॅम्प्टनला शेतीसाठी जाऊन राहिली. काळ वाईट होता. १८३७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात नाणे देणे थांबवले होते, व्यापार बसला होता आणि मंदी वर्षानुवर्षे रेंगाळली. डेव्हिड यांच्या साखरेला बक्षीस मिळाले, पण त्यावर घर चालेना. देशातली नावाजलेली लेखिका तिथे शेतावर राबत होती, चूल आणि धुणे सांभाळत होती, आणि लिहायला वेळ उरत नव्हता. कर्ज मात्र वाढत होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. त्या काळच्या कायद्याने विवाहित स्त्रीची मिळकत नवऱ्याची समजली जाई. तिने पुस्तक लिहिले तरी त्याचा पैसा त्याचा, आणि त्याच्या देणेकऱ्यांचा. ठिगळ फाटलेल्या कापडाला लावता येते; आभाळच फाटले तर ते कुठे लावणार? त्यांच्या घरावर आलेला कठीण काळ कोणा गृहिणीच्या हौसेने आला नव्हता. कर्ज, मंदी आणि कायदा या तिघांपुढे वेळेचे व वस्तूंचे सारे तुकडे गोळा करूनही बेरीज शून्यच येत होती. आपल्याकडे स्त्रीधन ही कल्पना फार जुनी आहे. घरोघर ती कितपत पाळली गेली ते ज्याचे त्याने आपल्या घरापुरते पाहावे. पण ती कल्पना का निघाली असेल, हे लिडियाबाईंची या काळातली ओढाताण वाचताना मला नीट उमगले.

१८४१ साली त्या एकट्या न्यूयॉर्कला गेल्या आणि गुलामगिरीविरोधी पक्षाच्या ‘नॅशनल अँटी-स्लेव्हरी स्टँडर्ड’ या साप्ताहिकाच्या संपादक झाल्या. त्यातली त्यांची शहरावरची पत्रे लोकांनी आवडीने वाचली आणि १८४३ मध्ये ती ‘लेटर्स फ्रॉम न्यूयॉर्क’ या नावाने पुस्तकरूपाने निघाली. त्याच वर्षी त्यांनी आणखी एक पाऊल उचलले. आपला आर्थिक व्यवहार त्यांनी नवऱ्याच्या व्यवहारापासून वेगळा केला. नवऱ्यावरचे प्रेम आटले म्हणून नव्हे; ते शेवटपर्यंत टिकले. पण एका गळक्या भांड्यात दुसऱ्या भांड्याचे पाणी ओतीत राहिले तर दोन्ही रिकामी होतात, हे काटकसरीच्या शिक्षिकेला कळायला पंधरा वर्षे लागली. त्यांच्या पुस्तकात जे प्रकरण नव्हते, ते त्यांनी असे जगून लिहिले.

१८५० नंतर थोड्याच काळात नवराबायको पुन्हा एकत्र आली आणि वेलँड या खेड्यात म्हाताऱ्या वडिलांच्या घरी राहू लागली. १८५६ साली वडील गेले. घर लेकीला मिळाले. छोटेसे घर, मागे बाग आणि हातखर्चापुरते उत्पन्न. आता त्यांच्या काटकसरीला खरा बहर आला. १८५५ मध्ये त्यांचा धर्मकल्पनांच्या विकासावरचा तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. आपल्याला कौतुक वाटावे अशी गोष्ट म्हणजे, त्यातले पहिले प्रकरण हिंदुस्थानच्या धर्मावर आहे. १८५९ साली गुलामांच्या मुक्तीसाठी शस्त्र उचलणारा जॉन ब्राऊन जखमी होऊन पकडला गेला, तेव्हा त्याची शुश्रूषा करायला येते, असे त्यांनी कळवले. त्याने नम्रपणे नको म्हटले. त्याऐवजी माझ्या उघड्या पडलेल्या कुटुंबासाठी आता पन्नास सेंट आणि दरवर्षी तेवढेच द्या, असे सुचवले. त्या प्रसंगीचा पत्रव्यवहार पुढच्या वर्षी पुस्तिकेच्या रूपाने निघाला आणि त्याच्या तीन लाख प्रती खपल्याचे सांगतात. १८६१ मध्ये गुलामीतून निसटलेल्या हॅरिएट जेकब्ज यांचे आत्मचरित्र त्यांनी संपादून दिले.

१८६४ हे यादवी युद्धाचे वर्ष. त्या वर्षी आपण काय काय केले याची एक यादी लिडियाबाईंनी लिहून ठेवली आहे. तिच्याइतका बोलका जमाखर्च मी दुसरा पाहिला नाही. दोनशे पस्तीस पत्रे लिहिली. वर्तमानपत्रांसाठी सहा लेख लिहिले. तीनशे साठ वेळा दुपारचे जेवण रांधले, तीनशे बासष्ट वेळा न्याहारी. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर तीनशे पन्नास वेळा झाडले. तीनशे बासष्ट वेळा दिव्यात तेल घातले. मुक्त झालेल्या स्त्रियांसाठी सुया ठेवण्याच्या पंचवीस घड्या शिवल्या, इस्पितळातल्या शिपायांसाठी मोजे विणले आणि लोणचे घातले. सहा पुस्तिका आणि एकवीस ग्रंथ मोठ्याने वाचून दाखवले. इच्छापत्र केले. यादीत मोठे-लहान असा भेद नाही. लेखणी, झाडू आणि सुई एकाच ओळीत बसल्या आहेत. त्या वेळी त्यांचे वय बासष्ट होते. आपल्या घरातल्या बायकांनी वर्षअखेर अशी यादी केली, तर कर्त्या पुरुषांचे डोळे उघडतील असे मला वाटते.

१८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. त्याच वर्षी त्यांनी पदरमोड करून ‘द फ्रीडमेन्स बुक’ छापले. नुकतेच अक्षर ओळखू लागलेल्या मुक्त स्त्रीपुरुषांना वाचायला आपल्याच माणसांची चरित्रे असावीत, म्हणून हैतीचा तूसाँ, कवयित्री फिलिस व्हीटली, फ्रेडरिक डग्लस यांच्या हकिकती त्यात घातल्या आणि त्यावर नफा घेतला नाही. त्यांचे स्नेही वेंडेल फिलिप्स एक आठवण सांगत. मुक्त झालेल्यांच्या मदतीसाठी शंभर डॉलर द्यावेत, असे लिडियाबाईंनी त्यांना सांगितले. बाईंची मिळकत ठाऊक असल्याने, एवढे तुम्हाला झेपणार नाही, विचार करा, असे फिलिप्स म्हणाले. बाईंनी विचार केला, आणि आकडा दोनशे केला.

१८७४ साली डेव्हिड गेले. २० ऑक्टोबर १८८० रोजी वेलँडच्या त्याच घरात, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, लिडियाबाईंनी देह ठेवला.

या बाईंचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या सज्जनांना. काळ्या लोकांना गुलामीतून सोडवण्यासाठी त्यांनी जो निरपेक्ष स्वार्थत्याग केला, त्याबद्दलच्या आदरापोटी. त्या सज्जनांत मोठमोठे वक्ते होते, सेनापती होते. वेलँडच्या लहानशा घरात पाठकोऱ्या कागदावर लिहिणारी, स्वतः भांडी घासणारी ही वृद्ध स्त्रीही होती, आणि त्या वेळी ती हयात होती. पुण्याहून निघालेला तो नमस्कार तिच्यापर्यंतही पोहोचतो, असे समजायला हरकत नाही.

आज बाजारात वस्तूंचे भाव वाढले की आपण यादीतल्या चार गोष्टी कमी करतो. ते करावेच. तेल मोजून वापरावे, जुन्याला दंड घालावा, वही रोज लिहावी. पण त्या वहीत लिडियाबाईंच्या घरच्यासारखा एक रकाना वेगळा असावा, ‘आपल्याहून गरीब कुटुंबा’साठी; आणि घरातल्या बाईच्या मिळकतीचा एक रकाना तिच्या स्वतःच्या नावाचा असावा. हे दोन रकाने असलेल्या घरातली काटकसर कोणाला चिक्कूपणा वाटणार नाही.